बटनं काढलेली जीप

किल्ली अर्धी मुंजाजीच्या हातात आली आणि अर्धी दाराच्या कुलपात राहिली.

त्यानं हातातल्या तुकड्याकडं पाहिलं, मग दाराकडं, आणि जीपच्या पत्र्यावर लाथ घातली. पांढऱ्या पत्र्याला ताटाएवढा खळगा पडला. आत बसलेल्या भिवराबाईच्या दातांपर्यंत तो दणका पोचला.

“अशी न्हाई फिरत ती,” पुढच्या चाकाशी धुळीत पडलेला ड्रायव्हर, आसाराम, म्हणाला. “केसभर भाईर ओढून फिरवावी लागती. सांगत हुतो की.”

सांगितल्याबद्दल मुंजाजीनं दुसरी लाथ त्याच्या बरगडीत घातली.

दूध संस्थेचं ऑफिस तिथून दिसत होतं. उताराच्या खाली, फर्लांगभरावर, निळ्या रंगाचं, गच्चीवर रिकामी टाकी. अकरा वाजता तिथं अध्यक्षाची निवड होती. नऊ संचालक, चार विठ्ठलरावांचे, चार मोहनरावांचे, आणि नववी भिवराबाई, महिलांच्या जागेवर बिनविरोध आलेली. बिनविरोध आली, कारण अर्ज भरायला दुसऱ्या कुणाच्या बायकोला सवड नव्हती. चारचारच्या मधोमध ही एकटी बसेल, असं तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि अध्यक्ष कोण होतो यापेक्षा मोठी गोष्ट पुढं होती. दुष्काळाचं तिसरं वर्ष. जनावरांची चारा छावणी चालवायचं काम संस्थेकडं आलं होतं, आणि ती कुठं उभारायची ते अध्यक्ष ठरवणार होता. विठ्ठलराव म्हणत, खालच्या गावात. मोहनराव म्हणत, डोंगरावरच्या वस्तीत. वस्तीपासून गाव सात किलोमीटर. भिवराबाईची गाय एकदा बसली की पोटाखाली गोणपाट घालून दोघांनी उठवावी लागत होती. ती सात किलोमीटर उतरून जाणार नव्हती. भिवराबाईचं मत त्या गायीनंच ठरवून टाकलं होतं, आणि हे विठ्ठलरावांना कळायला वेळ लागला नाही.

म्हणून चार दिवसांपूर्वी ही जीप वस्तीवर आली होती. देवदर्शनाला, म्हणून. कुणी काही बोलू नये म्हणून सोबतीला विठ्ठलरावांची बहीण केशरबाई. “जाऊन ये,” भिवराबाईचा नवरा शहादेव म्हणाला होता, “तीस वर्षांत गेलीस कुठं?” ते खरं होतं. ती गेली. कपिलधारला धबधब्याच्या जागी दगडावर नुसता काळा डाग होता. केशरबाईनं त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी चहाला जीप थांबली, भिवराबाई उतरायला गेली, तेव्हा तिला दिसलं की दाराला बटन नाही.

काचेच्या कडेला वरखाली होणारं ते लॉकचं बटन. ते फिरवून काढलं की आतली सळई बोटाच्या पेराएवढी खाली भोकात राहते, आणि मग ना आतला खटका चालत, ना बाहेरची मूठ; दार उघडायचं ते बाहेरून, ड्रायव्हरच्या किल्लीनंच. सोसायट्यांच्या निवडणुका आल्या की ड्रायव्हर लोक ही बटनं काढून खिशात टाकत. मतदार हा वाटेत उतरणारा प्राणी आहे, असा सगळ्याच पक्षांचा अनुभव होता.

ही जीप त्या कामाला विशेष सोयीची होती. आधी ती शाळेची मुलं न्यायची. मुलं हात बाहेर काढतात म्हणून खिडक्यांना आडव्या तीन-तीन सळ्या होत्या. मुलं ड्रायव्हरच्या अंगावर येतात म्हणून पुढच्या सीटमागं लोखंडी जाळी होती. आणि एकदा दोन मुलं मागून सांडली, तेव्हापासून मागचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं. मुलं आता मोठी होऊन ऊसतोडीला गेली होती. पिंजरा राहिला होता.

आज सकाळी केशरबाई धारूरला उतरून गेली. सव्वादहाला, बाईला पहाऱ्यात थेट मतदानाला उतरवायला, जीप उताराला लागली, तर रस्त्यावर बाभळ आडवी टाकलेली आणि मोहनरावांची वीसेक माणसं काठ्या घेऊन उभी, पुढं मुंजाजी. आसारामशेजारी विठ्ठलरावांचे दोन पैलवान बसले होते. पहिला दगड बॉनेटवर पडला तसे ते नांगरटीतून पळत सुटले. एकाचा काळा चष्मा ढेकळात पडला, त्यासाठीसुद्धा तो थांबला नाही. आसाराम पळाला नाही. तो खाली उतरला, दाराला बाहेरून किल्ली लावली, आणि दाराला पाठ टेकून वीस माणसांना म्हणाला, “गाडी माझ्या भरवशावर हाय.”

या एका वाक्यात त्याचे दोन दात गेले.

“मूठ धरून ओढा बे,” कुणीतरी म्हणालं.

दाराची मूठ तिघांनी मिळून ओढली. जीप हलली, दार हललं नाही. डाव्या खिडकीवर दगड आला. काच खडीसाखरेसारखी फुटून भिवराबाईच्या मांडीवर पडली, आणि एक तुकडा भुवईच्या वर चिरून गेला. डोळ्यात गरम काहीतरी उतरलं. तिनं पदर लावला.

“काच नका फोडू, आत बाई हाय,” लांबून मोहनरावांचा आवाज आला. ते लिंबाच्या सावलीत उभे होते, एक कान फोनला. काच फुटून झाली होती. मुंजाजीनं सळ्यांमधून दंडापर्यंत हात घातला आणि कडेच्या भोकात बोट खुपसलं. बोट जाड होतं. कुंपणाची तार आणली. ती आत गेली आणि सळईच्या बाजूनं घसरत राहिली.

“बटनं कुठायत बे?”

आसारामनं छातीकडं हात नेला. तिथं खिसा नव्हता, खिशाची फक्त वरची शिवण होती. बटनं सगळ्यांच्या पायाखाली गेली होती. धुळीत चाचपडून दोन सापडली, दोन्ही चिरडलेली. मुंजाजीनं त्यातलं एक भोकात धरून फिरवून पाहिलं. ते नुसतंच फिरत राहिलं, आटे धरेनात. त्यानं ते आसारामच्या तोंडावर फेकून मारलं.

“कावून काढली रे बटनं?”

“समदेच काढत्यात,” आसाराम म्हणाला. “मागल्या खेपेला तुमच्या मोहनरावांसाठी बी म्याच काढली हुती.”

हे खरं असल्यामुळं चौघांनी मिळून त्याला मारलं.

मारणं भिवराबाईनं पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही. पण ते घरातलं, दोन हातांचं. हे वेगळं होतं. इथं मारणारे एकमेकांना जागा करून देत होते. एकजण मारून दमला की बाजूला होऊन तंबाखू मळत होता. आसाराम आधी ओरडत होता, मग नुसता हुंकार देत होता, बैलानं ओझं उचलताना द्यावा तसा.

“बास करा,” ती म्हणाली. “अवो, मरंल त्यो.”

बाहेर कुणी आत पाहिलंसुद्धा नाही. सगळं तिच्या मतासाठी चाललं होतं, पण तिच्या बोलण्याचं काही काम नव्हतं.

तेवढ्यात शहादेव आला. जीप अडवणार हे कळताच वस्तीवरून पळत निघाला होता. धोतराला काटे लागलेले, छाती भात्यासारखी हलत होती. त्यानं दोन्ही हातांनी सळ्या धरल्या.

“भिवरे. लागलं का तुला?”

“मला न्हाई. त्याला सोडवा आधी.”

त्यानं तिच्या भुवईकडं पाहिलं. सळ्यांमधून हात घालून त्यानं अंगठ्यानं तिच्या गालावरचं रक्त पुसलं आणि अंगठा धोतराला पुसला. तीस वर्षांत त्यानं चार माणसांत तिला हात लावलेला नव्हता. मागं मुंजाजी हसला.

“बायको देव बघून आली तुझी, शहादेवा. चार दिस. आता तिला तू बघ, वळखू येती का.”

दोघंतिघं हसले. शहादेवनं मान वळवली नाही. तो मुंजाजीच्या ट्रॅक्टरकडं गेला आणि पेटीतली टॉमी घेऊन आला. चाकाचे नट खोलायचा तो हातभर लोखंडी दांडा त्यानं दाराच्या फटीत घातला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पत्रा कण्हला. दाराची कड वाकली, रंगाचे पोपडे उडाले, पण आतली कडी पोलादाची होती. त्यानं पुन्हा जोर केला. घामानं हात सटकून टॉमी त्याच्याच गुडघ्यावर बसली, आणि पुन्हा कुणीतरी हसलं.

“दार मोडू नका, तिडके,” आसाराम म्हणाला. एव्हाना तो चाकाला टेकून बसला होता, हनुवटीवरून लाळ आणि रक्त एकत्र गळत होतं. त्याला बहुतेक अजूनही वाटत होतं की हे गाडीचंच भांडण आहे. “तुमीच बसवलं की मावशीला हिच्यात. आदल्या दिशी कडबा उतरवून घेतला, तवा न्हाई दिसली का बटनं? तवाच काढलेली हुती.”

शहादेव थांबला.

“कसला कडबा बे?” मुंजाजीनं विचारलं.

“दोन खेपा, टपावर बांधून. विठ्ठलरावांच्या गंजीचा. मीच टाकून आलतो ह्यांच्या गोठ्यात.”

भिवराबाईचा हात पदरासकट कपाळावर होता, तो तिथंच राहिला. तो कडबा तिनंच पेंढी-पेंढी रचला होता. धारूरच्या मेहुण्यानं पाठवलाय, असं शहादेव म्हणाला होता. तिनं त्या रात्री नणंदेचं नाव घेऊन देवापुढं दिवा लावला होता. गायीनं तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड लावलं, तेव्हा ती गायीजवळ बसून रडली होती, आणि शहादेव उठून बाहेर गेला होता.

मग मुंजाजी फक्त “हां” म्हणाला, आणि त्यानं शहादेवकडं असं पाहिलं की वीस माणसांनी तसंच पाहिलं.

शहादेवचा पहिला घाव आसारामच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला, वाळली तुराटी मोडावी तसा. आसारामनं तो हात वर करायचा प्रयत्न केला, पण हात आला नाही. दुसरा घाव डोक्यावर बसला. त्याला फारसा आवाज नव्हता.

शहादेवनं तिसऱ्यांदा टॉमी उचलली. त्याचं तोंड उघडं होतं, डोळे कोरडे होते. तो आसारामकडं बघतही नव्हता. आसारामच्या तोंडातून आलेलं ते वाक्य जिथं हवेत उभं होतं, तिथं बघत होता.

आसाराम आडवा झाला आणि कसा कोण जाणे, एका हातावर सरपटत जीपच्या खाली शिरला. टॉमी धुळीत आपटली. शहादेव ओणवा होऊन चाकाच्या मागं दांडा खुपसू लागला. सीटच्या खालून भिवराबाईला ते ऐकू येत होतं. लोखंडावर लोखंड, लोखंडावर लोखंड, आणि मधेच एकदा लोखंडावर नसलेलं.

जीप उजव्या अंगानं चराकडं कलली होती. रोजगार हमीवर खणलेला तो चर, कडेला बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकलेले, म्हणून त्या बाजूला कुणी गेलं नव्हतं. आसाराम तिकडून निघायला बघत होता. भिवराबाई सीटवरून सरकत उजव्या दाराशी गेली.

मनगटात केशरबाईनं बांधलेला देवाचा काळा दोरा होता. दातानं तोडला. दोन पदर सोडवून तिनं एक पातळ पदर घेतला आणि टोकाला सरकगाठ मारली, गव्हाच्या दाण्याएवढा फासा ठेवून.

वस्तीवर कुणाची गाय अडली की तिला बोलावत. कोपरापर्यंत हात आत घालायचा, डोळ्यांचा काही उपयोग नाही. बोटांच्या शेंड्यांनी खूर शोधायचा, फासा त्यावरून सारायचा, आणि मग सगळ्यात अवघड काम, थांबायचं. घाईनं ओढलं की सुटतो. गायीचं अंग जेव्हा ढकलेल तेव्हाच, तिच्याच दिशेनं, ओढायचं. पंचवीस वर्षांत तिच्या हातून तीनच वासरं गेली होती, आणि तिन्ही वेळी घाई मालकांनी केली होती.

तिनं फासा भोकात सोडला. पहिल्या वेळी तो सळईच्या डोक्यावर टेकून आडवा झाला. दुसऱ्या वेळी बसला, पण घट्ट करताना निसटला. खाली लोखंड वाजत होतं. तिनं बोटं लुगड्याला पुसली. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून घेतले. फासा आट्यांवर बसला, जरा फिरवला, धरला. तिनं दोरा सरळ वर ओढला, सावकाश, आणि दाराच्या आत टक्‌ झालं.

दार वीतभर उघडलं आणि चराच्या कडेला अडलं. वीतभर पुरेसं नव्हतं. तिनं पाठ लावून आणखी वीतभर केलं, मातीची ढेपळं चरात घरंगळली. खाली आसारामचं डोकं होतं. केस एका बाजूला नव्हतेच, नुसता ओला लाल पट्टा होता. तिनं त्याची कॉलर धरली, कॉलर फाटली. मग काखेत हात घातला, चांगल्या बाजूच्या, आणि ओढला. कमरेपर्यंत आला तेव्हा पलीकडून कुणीतरी त्याचा पाय धरला.

“इकडं हाय बे! बाईनं दार उघडलं!”

तिनं ओढलं. तिकडून ओढलं. आसाराम मधे लांबलचक झाला आणि त्याच्या तोंडून फक्त “मावशी” एवढं निघालं. मग चप्पल त्या माणसाच्या हातात राहिली आणि आसाराम आत आला. तिनं दार ओढून घेतलं आणि करंगळीच्या नखानं सळई पुन्हा खाली दाबली.

बाहेरून मूठ खडखडली. मग लाथा बसल्या. मग शहादेव डाव्या खिडकीशी आला. पण तो रागावलेला नव्हता. त्याचा चेहरा उजळला होता.

“उघडलंस की गं. कसं उघडलंस? ये, ये भाईर. अकराला बारा मिन्टं हायेत. चालत गेलीस तरी पोचशील.”

आसारामचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं पदराचा बोळा करून दाबून धरला होता, आणि बोळा ओला होत होता.

“उघडत न्हाई,” ती म्हणाली.

“आत्ता उघडलं की.”

“तवा उघडलं. आता न्हाई उघडत.”

शहादेवला कळायला वेळ लागला. मग तो वळून लिंबाकडं ओरडला, “मोहनराव!”

मोहनराव आले. पांढरा सदरा, घड्याळ, आवाज ओसरीवर बसल्यासारखा. “भिवराबाई, अहो, छावणी तुमच्या दारात येणार आहे. उद्यापासून. वस्तीची चारशे जनावरं आहेत, तुमची गाय आहे. आता एका ड्रायव्हरपायी...”

“ह्यो जगंल का?”

“त्याला कोण हात लावतंय? मी उभा आहे ना इथं.”

तिनं त्यांच्या मागं पाहिलं. “मग काठ्या चरात टाकायला सांगा. समद्या.”

मोहनरावांनी घड्याळ पाहिलं, मग माणसांकडं पाहून मान हलवली. पहिली काठी चरात पडली. मग दुसरी. मग बऱ्याच. मुंजाजीनं मुठीतला दगड टाकला आणि हात झटकला. राहिली एक टॉमी.

“शहादेव,” मोहनराव म्हणाले.

शहादेवनं टॉमी आणखी घट्ट धरली.

“टाक बे ती. सात मिनिटं राहिलीत.”

“माझी बायको हाय आत,” शहादेव म्हणाला. “तिच्या मांडीवर त्याचं डोस्कं हाय. आन्‌ मी टाकू?”

“टाका खाली,” भिवराबाई म्हणाली. “आवो. टाका. मी येते मत द्यायला. पळत येते.”

तिनं ते विनवून म्हटलं होतं, लग्न होऊन आलेल्या पोरीसारखं. एक क्षण वाटलं की टाकेल. त्याची बोटं सैल झाली. मग मागून कुणीतरी, मुंजाजी नव्हे, दुसरंच कुणीतरी, हळूच म्हणालं, “कडब्याचं इमान हाय भाऊ,” आणि शहादेवनं टॉमी दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या सळ्यांवर हाणली. पुन्हा हाणली. मधली सळई आत वाकली. भिवराबाईनं आसारामचं डोकं दोन्ही हातांत झाकून घेतलं. एक घाव सळ्यांमधून आत आला आणि तिच्या डाव्या मनगटावरच्या बांगड्या गेल्या. तिनं हात काढला नाही.

मोहनराव उतारानं निघाले होते. आधी चालत, मग सदरा सावरत पळत. त्यांचं स्वतःचं मत तरी पोचायला हवं होतं.

शहादेव थांबला तो दमल्यामुळं. तोपर्यंत खाली संस्थेच्या ऑफिसचं दार लागलेलं दिसत होतं. वीस माणसं रस्त्यावर उभी राहून त्या निळ्या दाराकडं बघत होती. जीपकडं कुणी बघत नव्हतं. चारास चार झाली असणार, आता चिठ्ठी टाकतील, असं मुंजाजी म्हणाला. मग उताराखालून हलगी ऐकू आली, आणि ती विठ्ठलरावांच्या आळीकडं वाजत गेली.

“गेली छावणी,” मुंजाजी म्हणाला.

माणसं चरात उतरून आपापल्या काठ्या शोधू लागली. “ही माझी बे, हिला तार हाय,” असं एकजण दुसऱ्याला सांगत होता. पाच मिनिटांत रस्त्यावर फक्त ट्रॅक्टर, मुंजाजी आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलेला शहादेव राहिले. टॉमी त्यानं पेटीत नेऊन ठेवली होती. हातांना उपरणं गुंडाळलं होतं.

“गाय कशी न्यायची आता खाली?” तो म्हणाला. ते त्यानं जीपला विचारलं, की स्वतःला, ते कळलं नाही. “उठत तरी हाय का ती.”

भिवराबाई आसारामच्या नाकापुढं तळहात धरून बसली होती. वाफ येत होती. मधेच थांबायची, तेव्हा तीही थांबायची.

पोलिसांची गाडी धारूरहून यायला पाऊण तास लागला. भिवराबाईनं दोऱ्याचा फासा पुन्हा भोकात सोडला आणि दार उघडून दिलं. दोन शिपायांनी आसारामला उचललं, एका बाजूचा कान रक्तानं भरला होता, पण गाडीत ठेवताना तो कण्हला, आणि शिपाई म्हणाला, “जिवंत हाय.” गाडी त्याला घेऊन दवाखान्याकडं गेली. जमादार मागं राहिला. त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद पसरले, वर एक दगड ठेवला.

“दगडफेकीत लागलं साहेब,” मुंजाजी म्हणाला. “दोन्हीकडून दगड हुते. गर्दीत कोण, कुठं...”

जमादारानं मान हलवली. हे वाक्य ऐकायच्या तयारीनंच तो आला होता. तरी त्यानं पेन उघडलं.

“बाई, तुम्ही आत होता. साक्षीला तुमचं नाव घेतो.”

शहादेव पाण्याची बाटली घेऊन पुढं आला. झाकण काढून त्यानं ती तिच्या हातात दिली. तिच्या फुटलेल्या मनगटाकडं त्यानं पाहिलं आणि दुसरीकडं पाहिलं.

“घरी चल,” तो हळू आवाजात म्हणाला. “सकाळपासनं बांधलेली हाय ती. पाणी बी न्हाई दावलं.”

भिवराबाईनं पाणी तोंडात धरलं, तांबडं झालेलं थुंकलं, मग दोन घोट प्याली.

“नाव,” जमादार म्हणाला.

“भिवराबाई.”

“पूर्ण सांगा.”

ती थांबली. त्या वस्तीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. संस्थेचा अर्जसुद्धा क्लार्कनं विचारून विचारून भरला होता, आणि त्या एका शब्दाला तिनं नुसतं नवऱ्याकडं बोट दाखवलं होतं. जमादार वाट बघत होता. मुंजाजी वाट बघत होता. शहादेव खाली, तिच्या पायांकडं बघत होता. तिच्या पायात चपला नव्हत्या.

“भिवराबाई शहादेव तिडके.”

जमादारानं लिहिलं. अक्षर मोठं होतं, तिला उलट्या बाजूनंही दिसत होतं.

“ड्रायव्हरच्या डोक्यात कुणी घातलं, ते बघितलं का?”

“व्हय.”

जमादारानं पहिल्यांदा मान वर केली. “मग त्याचं नाव सांगा.”

भिवराबाईनं बाटलीला झाकण लावलं, घट्ट फिरवलं, आणि बाटली बॉनेटवर कागदाशेजारी ठेवली.

“लिवलंय तुमी,” ती म्हणाली. “मधलं.”